हृदयविकारानंतरची लांब पल्ल्याची धाव

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने श्रमाचे नाव काढू नये, अशी समजूत आपल्याकडे अजूनही आढळते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वैद्यकशास्त्राचीही समजूत होती. रुग्णास सहा-सहा आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. १९५२ साली बोस्टनचे डॉ. सॅम्युएल लेव्हाइन यांनी रुग्णास खुर्चीत बसवावे असे सुचविले, तेव्हा तेवढेही धाडसाचे वाटले होते.

पुढे एकवीस वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच बोस्टनच्या मॅरॅथॉन शर्यतीत कॅनडातील टोरांटो येथील काही हृदयरुग्ण धावले. झटका येऊन गेलेल्या या माणसांनी ४२ किलोमीटरहून अधिक अंतर पार केले. त्यांचे मार्गदर्शक डॉ. टेरेन्स कॅव्हानॉ यांनी त्यांना एकदम धावावयास लावले नव्हते. आरंभ चालण्यापासून झाला आणि चाचण्या घेत अंतर व वेग हळूहळू वाढविण्यात आले. नियमित सरावाने स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक चांगल्या रीतीने वापरू लागतात. परिणामी तेच काम हृदय कमी ठोक्यांत निभावते.

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. धावण्यावरील पुस्तकामुळे जगभर प्रसिद्धी पावलेले अमेरिकेचे जिम फिक्स १९८४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धावताना मरण पावले. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात अरुंद झाल्याचे शवविच्छेदनात दिसून आले. त्यांचे वडीलही त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. धावण्याने प्रकृती सुधारते हे खरे असले, तरी धावणारा तपासणीतून मोकळा होत नाही.

शिवाय सर्व हृदयविकार सारखे नसतात. रक्तवाहिन्यांचा विकार वेगळा, हृदयाचा स्नायू जन्मजात दोषाने जाड होण्याचा विकार वेगळा. या दुसऱ्या प्रकारात पूर्वी स्पर्धा सरसकट वर्ज्य मानीत. आता तज्ज्ञ तपासणी करून व रुग्णाशी विचारविनिमय करून निर्णय घेतात. अतिरेकाचाही प्रश्न आहे. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या 'वासालोपेट' या बर्फावरील शर्यतीच्या बावन्न हजारांहून अधिक स्पर्धकांच्या पाहणीत, वारंवार व अधिक वेगाने शर्यत पुरी करणाऱ्यांत हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता अधिक आढळली.

नाडी मोजून सराव करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. '२२० वजा वय' हे सूत्र बीटा-ब्लॉकर औषधे घेणाऱ्यांना लागू पडत नाही, कारण ती औषधे नाडीच मंद करतात. त्यांची मर्यादा व्यायामचाचणीवरूनच ठरवावी लागते. धावताना छातीत दडपण आले, भोवळ आली किंवा ठोके एकाएकी अनियमित झाले, तर तेथेच थांबावे. शर्यत पुरी करण्याचा हट्ट अशा वेळी जिवावर बेततो.

गावोगावी दौडी भरविणाऱ्या शाळांनी व पंचायतींनी नावनोंदणीच्या वेळी हृदयविकाराची व घरातील अकाली मृत्यूंची विचारणा करावी. कोणी कोसळून बेशुद्ध पडला व त्याचा श्वास नीट चालेनासा झाला, तर उपचारावाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक त्याची वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा जोराने दाब देऊ शकतील अशी शिकविलेली माणसे दौडीच्या मार्गावर ठिकठिकाणी उभी असावीत.