सामना न पाहणाऱ्यांचं नियोजन

ऑलिंपिकची तिकिटं खपवणं फारसं अवघड नसतं. तिकीट न काढलेल्या माणसाला दोन-अडीच आठवडे वेगळ्या वेळी कामावर जायला लावणं, हे खरं अवघड. 2012च्या लंडनने सगळ्यात जास्त घाम गाळला तो इथे.

तिथली भुयारी रेल्वे एरवीच सकाळ-संध्याकाळ खच्चून भरलेली. त्यात लाखो प्रेक्षकांची भर पडणार, आणि नवे मार्ग बांधून तरी किती बांधणार? म्हणून ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ने हिशेब उलट्या बाजूने मांडला. गर्दीच्या ठिकाणचा रोजचा प्रवासच साधारण 30 टक्क्यांनी कमी करायचा. कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला कुठलं स्टेशन टाळायचं, हे आधीच जाहीर झालं. घरून काम करा, तासभर उशिरा निघा, एक स्टेशन अलीकडे उतरून चाला, असं कंपन्यांना आणि कर्मचाऱ्यांना परोपरीने सांगितलं गेलं. दुकानांचा माल रात्री उतरवायची मुभा मिळाली. मात्रा जरा जास्तच लागू पडली म्हणायची. मध्य लंडनमधले दुकानदार आणि टॅक्सीवाले गिऱ्हाईक पळाल्याची तक्रार करू लागले.

प्रेक्षकांसाठी, अपंगांचा अपवाद सोडला तर, मुख्य मैदानांपाशी पार्किंग ठेवलंच नव्हतं. त्याऐवजी लंडनमधल्या सामन्यांच्या तिकिटाबरोबर त्या दिवसाचा प्रवासाचा पास फुकट. सेंट पॅनक्रसहून सुटणारी ‘जॅव्हलिन’ गाडी सुमारे सात मिनिटांत ऑलिंपिक पार्कजवळच्या स्ट्रॅटफर्डला पोहोचायची. खेळाडू आणि पदाधिकाऱ्यांच्या वाहनांना राखीव मार्गिका होत्या. तिथे घुसणाऱ्याला 130 पौंड दंड. मात्र गरज नसेल तेव्हा या मार्गिका सगळ्यांना खुल्या केल्या जात. आपल्याकडे एकदा लावलेलं बॅरिकेड सहसा हलत नाही, म्हणून ही गोष्ट मला विशेष वाटते.

एवढी धास्ती कशाची, तर अटलांटाची. 1996च्या ऑलिंपिकमध्ये तिथे बाहेरगावाहून आणलेले बसचालक रस्ते चुकत होते आणि खेळाडू सामन्याला वेळेवर पोहोचतील की नाही, याचीच काळजी होती.

सामन्याला माणसं दोन-तीन तासांत विखरून येतात, निघतात मात्र एकदम. म्हणून शेवटच्या गाड्या उशिरापर्यंत सोडाव्या लागतात आणि फलाट भरण्याआधी रांग बाहेरच थोपवावी लागते. गर्दी आधीच थोपवली नाही तर काय होतं, हे पाहायचं तर 4 जुलै 2024ला विश्वविजेत्या भारतीय क्रिकेट संघाच्या मिरवणुकीसाठी मुंबईत मरीन ड्राइव्हवर जमलेला समुदाय आठवा. गर्दीतून संघाच्या बसलाच वाट काढणं मुश्कील झालं होतं.

आता 2030च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. मोटेराच्या स्टेडियममध्ये सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि मेट्रोचं स्टेशनही जवळ आहे. उड्डाणपुलांची उद्घाटनं यथावकाश होतीलच. पण आयोजकांनी त्याआधी शहरातले कारखानदार, शाळाचालक आणि व्यापारी यांना बोलावून स्पर्धेच्या दिवसांत कोण किती वाजता घराबाहेर पडणार, हे ठरवायला बसावं.