फुकटचं सॉफ्टवेअर घेताय? पण ते आलं कुठून?

शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारात कॉम्प्युटर घेतला की दुकानदार सगळं 'टाकून' देतो. विंडोज, ऑफिस, मराठी टायपिंग, व्हिडिओ प्लेअर, बरंचसं एकाच पेन ड्राइव्हमधून. डोळखांब किंवा टोकावड्याकडे साडेतीनशे एमबीची फाइल उतरवताना नेट मध्येच गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून पेन ड्राइव्ह सोयीचाच. पण त्यातली फाइल मुळात कुठून आली, हे कोणी विचारत नाही. आणि पुढे त्याच कॉम्प्युटरवर आपण सातबारा काढतो, पीक विमा भरतो, बँकेचा पासवर्ड टाकतो.

व्हीएलसीचा किस्सा

व्हीएलसी हा प्लेअर फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि तो 'व्हिडिओलॅन' ही ना-नफा संस्था बनवते. फेब्रुवारी 2022 मध्ये तिची वेबसाइट भारतात उघडेनाशी झाली. सरकारने ती ब्लॉक केली होती, आपल्याला आधी काहीच कळवलं नाही असं संस्थेचं म्हणणं होतं. संस्थेने कायदेशीर नोटीस पाठवल्यावर नोव्हेंबरमध्ये बंदी उठली.

गंमत म्हणजे प्लेअर वापरायला बंदी नव्हतीच. बंद होतं ते फक्त अधिकृत दार. मग लोकांनी काय केलं असेल? गूगलवर शोधलं आणि जी साइट वर दिसली तिथून फाइल घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिमँटेक या सुरक्षा कंपनीने सांगितलं होतं की एक हॅकर टोळी खऱ्या व्हीएलसीच्या आडून व्हायरस चालवते आहे. म्हणजे प्लेअर खरा, पण सोबत दिलेली एक फाइल खोटी. तेव्हाच्या फाइल्स अजूनही कोणाकोणाच्या पेन ड्राइव्हमध्ये असतील. आता अधिकृत साइट उघडते, नवीन फाइल तिथूनच घ्या.

मोठं हिरवं बटण

नावाजलेल्या डाउनलोड साइटवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. 2011 मध्ये सीनेटच्या डाउनलोड डॉट कॉमने 'एनमॅप' या फुकट सॉफ्टवेअरला स्वतःचं वेष्टन चढवून त्यात टूलबार घातला होता. 2015 मध्ये सोर्सफोर्जवर 'गिंप' या फोटो एडिटरसोबत जाहिरातींचं सॉफ्टवेअर चिकटवलेलं सापडलं. दोन्ही वेळा मूळ बनवणाऱ्यांनीच बोंब मारली. अशा पानांवर सगळ्यात मोठं 'डाउनलोड' बटण बहुतेकदा जाहिरातीचं असतं, खरी लिंक बाजूला बारीक अक्षरात असते.

मग काय घ्यायचं?

आधी मराठी टायपिंग. यासाठी बहुतेकांना काहीच डाउनलोड करायची गरज नाही! विंडोज 10 मध्ये मे 2019 च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषेत मराठी जोडा आणि कीबोर्ड निवडा. गूगलने इनपुट टूल्सची विंडोजवर इन्स्टॉल करायची फाइल देणं केव्हाच बंद केलं, त्यामुळे 'ऑफलाइन इनपुट टूल्स' म्हणून फिरणाऱ्या फाइल्स तिसऱ्याच कोणाच्या तरी असतात.

ऑफिससाठी लिबरऑफिस. फुकट आहे, मराठीत चालतं, वर्डच्या फाइल उघडतं. एखादा तक्ता इकडेतिकडे सरकतो, हे मान्य. अर्ज, हिशेब, बायोडेटा यांना मात्र ते पुरून उरतं. विंडोज 7 वर याची नवी आवृत्ती चालत नाही, हे लक्षात ठेवा. क्रॅक केलेलं ऑफिस देणारा 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगतो, तेव्हाच समजून जा. घरात शिरणारा पाहुणा कुत्रा बांधायला सांगतो तो का, याचा विचार करा.

झिप फाइलसाठी सेव्हन-झिप. छोटं, कायमचं फुकट, बिनजाहिरातीचं.

पेन ड्राइव्हमधली फाइल तपासता येते का?

येते, आणि नेट नसलं तरी चालतं. इन्स्टॉल करायच्या फाइलवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भाग बघा. व्हीएलसीवर 'व्हिडिओलॅन'ची सही हवी, लिबरऑफिसवर 'द डॉक्युमेंट फाउंडेशन'ची. नाव निवडून 'डिटेल्स' दाबलं की सही ठीक आहे की नाही तेही दिसतं. या दोन्हींवर सही नसेल किंवा भलतंच नाव असेल तर फाइल उडवा. सेव्हन-झिपवर मात्र अशी सही नसते, म्हणून ते थेट त्याच्याच साइटवरून घ्या.

हीच गोष्ट मोबाइलची. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल आली, तर ती सरकारने पाठवलेली नाही.

संशयास्पद फाइल आधीच चालवून झाली असेल तर नेट बंद करा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.