‘बॅटरी बदलली’ म्हणजे नेमकं काय बदललं?

मागच्या व्याख्यानात आपण नागसेनाचा रथ पाहिला: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजेही नव्हे. आज तोच प्रश्न जुन्या हायब्रिड गाडीला विचारू. विकणारा म्हणतो, ‘बॅटरी बदललेली आहे.’ पण कितीशी?

दुसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस घ्या. तिच्या बॅटरीत 28 मॉड्यूल्स एका माळेत जोडलेली असतात, प्रत्येकी 7.2 व्होल्ट, एकूण 201.6. कुणी सगळा संच नवा बसवतो, तर कुणी निकामी झालेली दोन-तीनच काढून दुसऱ्या जुन्या गाडीतली घालतो. दोघंही ‘बदलली’ म्हणतात, आणि खोटं कुणीच बोलत नाही! पण माळेतलं एक अशक्त मॉड्यूल दमलं, की बाकीच्यांनाही थांबावं लागतं.

म्हणून आपण आधी बिल मागायचं: संच नवा की दुरुस्त केलेला, तारीख काय, वॉरंटी किती. मग स्कॅनर लावून गाडी चढावर न्यायची. 14 ब्लॉकपैकी एखाद्याचं व्होल्टेज जोर पडताच इतरांपेक्षा बरंच खाली गेलं, तर तो आजारी आहे. मागच्या सीटजवळचा थंड हवेचा मार्ग धुळीनं तुंबलेला नाही ना, तेही बघायचं; नाहीतर नवी बॅटरीसुद्धा तापून लवकर जाते.

आणि बिलच नसेल तर? बॅटरी जुनी आहे असं धरून किंमत ठरवायची.