आरोळीचें गाणें

आरोळीला गाणें म्हणावें काय, असें कोणी विचारल्यास मी त्याला बार्सिलोना शहरांतील 'स्टँडस्टिल' या वृंदाच्या ध्वनिमुद्रिका ऐकवीन. अमेरिकेंत सॅन डिएगो येथें १९९० नंतर 'स्क्रीमो' नांवाची गायनरीति रूढ झाली. गायक तींत आर्त ओरडूनच भाव प्रकट करतो. स्पेनमधील हा वृंद आरंभीं त्याच रीतीच्या निकटचा होता.

'द आयॉनिक स्पेल' (२००१) व 'मेमरीज कलेक्टर' (२००२) या त्याच्या मुद्रिका इंग्रजींत आहेत. त्या ऐकतांना प्रथम अर्थाचा हट्ट सोडावा. गिटारींचे थर एकावर एक कसे चढतात, मध्येंच सर्व कसें निवतें, आणि एन्रिक मोंतेफुस्को या गायकाचा कंठ नेमका कोठें फुटतो, एवढेंच पाहावें. ती आरोळी रागाची नव्हे. सांचलेला ताण तेथें सुटतो.

पुढें २००४ साली वृंदाच्याच नांवाची मुद्रिका स्पॅनिशमध्यें निघाली. खरी मौज येथें आहे! रोजच्या बोलण्यांतली भाषा येतांच आरोळी उणावते आणि शब्द उघडे पडतात. परक्या भाषेआड ओरडणें सोपें. शेजाऱ्यांना कळेल असें हळू बोलणें अधिक धैर्याचें, असें मला वाटतें. 'अदेलांते बोनापार्ते' (२०१०) तर तीन भागांची आहे. २०१५ साली वृंद विसर्जित झाला.

कित्येक रसिक उत्तरकालीन, सौम्य मुद्रिकांवरच थांबतात. तें मला पटत नाहीं. आधींचा कल्लोळ ज्यानें ऐकला नाहीं, त्याला ती शांतता नुसती गोड वाटेल. म्हणून क्रमानेंच ऐकावें, आणि यंत्राचा आवाज फार मंद ठेवूं नये. घरच्या मंडळींना मात्र आधीं कल्पना द्यावी.