मोतमाउलीच्या जत्रेचा बेत

मी इयत्ता चौथीत शिकते. आमच्या कोळीवाड्यातली माणसे दरवर्षी वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेला जातात. मोतमाउली म्हणजे माउंट मेरीचे देऊळ. आताची इमारत १९०४ साली बांधून झाली. देऊळ ख्रिस्ती लोकांचे आहे, पण आम्ही हिंदू कोळीसुद्धा माउलीला मानतो.

गेल्या वर्षी जत्रेत माझी लहान बहीण हरवली. अर्ध्या तासाने ती पाळण्यापाशी सापडली. बाबा म्हणाले, "आता जत्रा बंद." आजी रडायला लागली. होडीवर बाबांचा पाय मोडला होता, तो बरा व्हावा म्हणून तिने नवस बोललाय. तो फेडायचा राहिलाय. म्हणून मी वहीत बेत लिहिला.

१. दिवस : ८ सप्टेंबर हा मेरीमातेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते. ८ तारखेलाच रविवार आला, तर त्याच दिवशी. जत्रा आठ दिवस चालते. रविवारी पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मधल्या वारी सकाळी लवकर जायचे. गुरुजींकडून एक दिवसाची रजा घ्यायची.

२. गाडी : बसने विरारला जायचे. काही लोकल विरारहूनच सुटतात. तीच पकडायची, म्हणजे आजीला बसायला मिळते. वांद्र्याला पश्चिमेला उतरायचे. जत्रेत बेस्टच्या जादा बस असतात.

३. चढण : देऊळ टेकडीवर आहे. पायऱ्या आहेत आणि गाडीचा रस्तापण आहे. आजीला पायऱ्या जमत नाहीत, म्हणून रस्त्यानेच वर जायचे.

४. मेण : तिथे मेणाचे हात, पाय, घर मिळते. ज्यासाठी नवस, तसा आकार वाहायचा. आपल्याला एक पाय घ्यायचा. तो देवळाजवळच घ्यायचा, नाहीतर गर्दीत मोडतो.

५. बहीण : तिच्या खिशात नाव आणि बाबांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. हात मी धरणार. चुकली तर तिने आहे तिथेच थांबायचे आणि पोलिसकाकांना चिठ्ठी दाखवायची. हे तिच्याकडून मी पाठ करून घेतले आहे.

बाबांनी वही दोनदा वाचली. काही बोलले नाहीत. मग माझी पेन्सिल घेऊन खाली लिहिले : "६. त्या दिवशी होडी बंद. मीपण येणार."

मुलांनो, जत्रेला जाण्याआधी तुम्हीपण असा बेत लिहून काढा.