गावचे संकेतस्थळ (भाग ११) : मजकूर नेमका राहतो कोठे?

वर्डप्रेसवर संकेतस्थळ उभारताना स्वतंत्र पेज बिल्डर घ्यावा, की वर्डप्रेससोबत आपसूक येणारा ब्लॉक एडिटरच पुरेसा मानावा, हा प्रश्न बहुधा देखणेपणाच्या आणि सोयीच्या अंगाने विचारला जातो. परंतु पाच-सात वर्षे टिकवायच्या मराठी संकेतस्थळाचा विचार करायचा तर त्याचे उत्तर पडद्यावर न शोधता डेटाबेसमध्ये शोधावे लागते. लिहिलेला मजकूर तेथे कोणत्या रूपात साठवला जातो आणि ज्या साधनाने तो लिहिला ते साधन उद्या बंद पडले तर मागे काय उरते, या दोन गोष्टी कळल्या की निवडीचा बराचसा भाग आपोआप उलगडतो. या हप्त्यात वेगमापनाचा विषय घेण्याचे ठरले होते. तो लांबणीवर टाकावा लागत आहे, कारण माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड येथून आलेल्या एका वाचकाच्या पत्राने हाच प्रश्न अतिशय नेमक्या स्वरूपात पुढे आणला आहे.

झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि फ्लेक्सचे डिझाइन अशी कामे करणाऱ्या या वाचकाने पंचक्रोशीतील एका शाळेचे आणि एका कृषी सेवा केंद्राचे संकेतस्थळ एलिमेंटॉर हा पेज बिल्डर वापरून तयार करून दिले होते. २०२३ मध्ये औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. बीड जिल्ह्यातील शाळा ज्या विभागीय शिक्षण मंडळाखाली येतात त्याचे मुख्यालय तेथेच असल्याने शाळेच्या पानापानांवर असलेले जुने नाव बदलणे आले. त्यासाठी संपूर्ण डेटाबेसमध्ये एक शब्द शोधून त्याच्या जागी दुसरा घालणारे प्लगइन चालवले गेले आणि बदल झाल्याचे त्याने कळवलेही. त्यानंतर संकेतस्थळावरील शोधचौकटीत नवे नाव टाकले की पाने सापडू लागली. मात्र सापडलेले पान उघडले की त्यावर जुनेच नाव दिसे. कॅशे, म्हणजे पानांची तात्पुरती साठवलेली प्रत, रिकामी करूनही फरक पडला नाही. बिल्डरच काढून टाकावा काय, असा पत्रलेखकाचा प्रश्न आहे.

यात प्लगइनचा दोष नाही. या अडचणीचे मूळ बिल्डरच्या साठवणुकीच्या पद्धतीत आहे आणि ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २००३ मध्ये वर्डप्रेस सुरू झाले तेव्हा ते प्रामुख्याने ब्लॉग लिहिण्याचे साधन होते आणि त्याच्या संपादकात एक शीर्षक व एक मोठी मजकूरचौकट याखेरीज फारसे काही नव्हते. दोन रकाने शेजारी मांडायचे म्हटले तरी कोड लिहावा लागे. ही उणीव भरून काढण्यासाठी २०११ मध्ये व्हिज्युअल कंपोजर, जो पुढे डब्ल्यूपीबेकरी या नावाने ओळखला गेला, २०१३ मध्ये डिव्ही आणि २०१६ मध्ये एलिमेंटॉर असे बिल्डर आले. वर्डप्रेसने स्वतःचा ब्लॉक एडिटर, ज्याला गुटेनबर्ग असेही म्हणतात, ५.० या आवृत्तीतून ६ डिसेंबर २०१८ रोजी दिला. म्हणजे बिल्डरांची सवय आणि बाजारपेठ आधी तयार झाली आणि मूळ साधन नंतर सुधारले. दिंद्रुडसारख्या गावातील डिझायनरने यूट्यूबवर पाहून प्रथम बिल्डरच शिकावा, यात आश्चर्य नाही.

पहिल्या पिढीतील बिल्डर आपली मांडणी शॉर्टकोडच्या रूपाने, म्हणजे चौकोनी कंसांतील सांकेतिक सूचनांच्या रूपाने, मूळ मजकुरातच मिसळून ठेवत. असा बिल्डर बंद केला की ते कंस जसेच्या तसे पानावर उमटतात आणि प्रवेशाच्या सूचनेऐवजी वाचकाला कंसांचे जंगल दिसते. पण कंसांच्या मध्ये असलेला मराठी मजकूर मराठीतच राहिलेला असतो. एलिमेंटॉरने हा प्रकार टाळला. तो मांडणीसह सगळा मजकूर जेसन नावाच्या रचनेत, म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या लांबलचक मालिकेत, पानाला जोडलेल्या वेगळ्या नोंदीत ठेवतो आणि मजकुराची साधी प्रत तेवढी वर्डप्रेसच्या मूळ रकान्यात ठेवतो. त्यामुळे तो बंद केला तर पान बेढब दिसते, पण मजकूर वाचता येतो. ही व्यवस्था कितीतरी शहाणपणाची आहे, हे मान्य करावयास हवे.

मराठीची अडचण त्या जेसनमध्ये आहे. तेथे लिहिताना देवनागरी अक्षरे जशीच्या तशी न ठेवता प्रत्येकाचा युनिकोड क्रमांक ठेवला जातो : ‘औ’साठी ०९१४, ‘र’साठी ०९३०, ‘ग’साठी ०९१७, ‘द’साठी ०९२६, आणि प्रत्येक क्रमांकाच्या आधी दोन खुणेची चिन्हे. ‘औरंगाबाद’ या शब्दात अनुस्वार आणि दोन काने धरून आठ युनिकोड चिन्हे आहेत. मूळ रकान्यात ती २४ बाइट घेतात, तर जेसनमध्ये त्यांची ४८ चिन्हांची माळ होते आणि त्या माळेत ‘औरंगाबाद’ हा शब्द शोधणाऱ्या प्लगइनला ओळखू येईल असे एकही अक्षर शिल्लक नसते. रोमन अक्षरे आणि इंग्रजी आकडे मात्र तसेच राहतात. म्हणून दूरध्वनी क्रमांक असाच शोधून बदलला तर तो सहसा व्यवस्थित बदलतो आणि साधन चालते आहे असा समज होतो.

आता पत्रातील कोडे सुटते. प्लगइनने मूळ रकान्यातील साधी प्रत बदलली, आणि संकेतस्थळाचा शोध त्याच प्रतीत चालत असल्याने नवे नाव सापडू लागले. पडद्यावरचे पान मात्र जेसनमधून तयार होते आणि तेथे हातच लागलेला नव्हता. इतकेच नव्हे, तर असे पान पुढे बिल्डरमध्ये उघडून जतन केले की जेसनमधूनच साधी प्रत नव्याने लिहिली जाते आणि बदललेले नावही पुन्हा जुने होते. क्रमांकांची माळच शोधून बदलण्याचा मार्ग आहे, परंतु त्यात एक चिन्ह चुकले तर अख्खे पान उघडेनासे होते. शाळेच्या वीस-पंचवीस पानांसाठी ती जोखीम घेऊ नये. पाने एकेक उघडून हाताने बदल करावेत आणि शेवटी बिल्डरच्या टूल्स विभागातून त्याच्या साठवलेल्या फाइली नव्याने तयार करून घ्याव्यात, हेच बरे.

हाताने बदलण्याचा आणखी एक फायदा मराठीत विशेष जाणवतो. ‘औरंगाबादेत’ या रूपातील नाव यांत्रिकपणे बदलले तर ‘छत्रपती संभाजीनगरेत’ असे कोणीही न बोलणारे रूप तयार होते. शिवाय जुन्या प्रमाणपत्रांतील किंवा छापील पुस्तकांच्या नावांतील उल्लेख बदलणे चुकीचेच ठरते. कृषी सेवा केंद्राच्या संकेतस्थळावर तर वेगळाच सापळा आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील ‘ऱ्या’ दोन प्रकारांनी टंकित होतो : नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन, अथवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात, आणि दुकानातल्या कळफलकावर टंकलेला शब्द मोबाइलवर टंकलेल्या शब्दाशी जुळेलच असे नाही. हा दोष कोणत्याही संपादकाचा नाही, पण शोधून बदलण्यावर भिस्त ठेवणाऱ्याने तो ओळखून असावे.

ब्लॉक एडिटर मजकूर साठवतो तो मूळ रकान्यातच, साध्या एचटीएमएलमध्ये; प्रत्येक परिच्छेद, चित्र किंवा तक्ता यांच्या मागे-पुढे तो वाचकाला न दिसणाऱ्या टिपा ठेवतो, ज्यांवरून ब्लॉक कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे कळते. ‘औरंगाबाद’ तेथे ‘औरंगाबाद’च असते. उद्या वर्डप्रेस सोडून दुसरीकडे जायचे ठरले तरी टिपा गाळून मजकूर उचलता येतो. परंतु म्हणून हा मार्ग पूर्णपणे निर्वेध आहे असे समजण्याचे कारण नाही. वर्डप्रेसचे स्वतःचे ब्लॉक अपुरे वाटले की इतरांची ब्लॉकसंग्रहाची प्लगइने घेतली जातात आणि ती बंद केली की त्यांची सजावट जाते. त्यांतील जे ब्लॉक आपला मजकूर पान उघडताना तयार करतात, ते तर नाहीसेच होतात. पुण्यातील ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. सुजय पवार हे तिचे सहसंस्थापक असून तिची अ‍ॅस्ट्रा ही थीम जगभर वापरली जाते. याच कंपनीने एलिमेंटॉरसाठी जादा विजेटांचा संच काढला आणि गुटेनबर्गसाठीही ब्लॉकसंग्रह काढला, ज्याचे नाव २०२२ पासून स्पेक्ट्रा असे आहे. ज्यांचा व्यवसायच या साधनांवर उभा आहे त्यांनी दोन्ही थड्यांवर पाय ठेवला, यावरून हा वाद एका बाजूने निकालात निघालेला नाही हे दिसते.

येथे एका उपप्रश्नाकडे वळणे भाग आहे, कारण नाव बदलताना पत्रलेखकाने पानांचे पत्तेही बदलले आहेत. वर्डप्रेसमध्ये पानाच्या शीर्षकावरून त्याच्या पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे स्लग, तयार होतो आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा असते. इंग्रजी शीर्षकाला ती मुबलक असते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह मात्र पत्त्यात नऊ रोमन चिन्हांच्या रूपाने लिहिले जाते. त्यामुळे मराठी शीर्षकाची बावीस चिन्हे झाली की जागा संपते, आणि कानामात्राही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजला जातो. ‘छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळ’ असे शीर्षक दिले तर पत्ता ‘विभागी’पाशी तुटतो, ‘य’लाही जागा उरत नाही. शिवाय असा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की पुष्कळदा टक्केचिन्हांचा तो लांबलचक पट्टाच पालकांच्या हाती पडतो. शीर्षक मराठीत आणि स्लग रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा, हा तोडगा भाषाभिमानाला खुपणारा असला तरी आज तोच चालतो. बिल्डर असो वा ब्लॉक, येथे दोघांचीही गत सारखीच.

देखण्या मांडणीच्या बाबतीत बिल्डर पुढे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचे तयार साचे रोमन लिपी समोर ठेवून केलेले असतात. एलिमेंटॉरच्या शीर्षक विजेटमध्ये ओळीची उंची मुळात १, म्हणजे अक्षराच्या आकाराइतकीच, धरलेली असते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ‘गुणवत्ता यादीतील विद्यार्थ्यांचा सत्कार’ हे शीर्षक दोन ओळींत मोडले की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत आणि रफारांत अडकतात. ती उंची किमान १.४ करावी. दुसरा दोष अधिक बोचरा आहे. इंग्रजी शीर्षकाला भारदस्तपणा यावा म्हणून साच्यांत अक्षरांमध्ये जादा अंतर सोडलेले असते, आणि तेच अंतर मराठीला लागले की शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे लोंबकळू लागतात. अनेक शाळांच्या आणि दुकानांच्या संकेतस्थळांवर हे तुटके मथळे वर्षानुवर्षे तसेच असतात, कारण ही किल्ली टायपोग्राफीच्या पोटविभागात दडलेली असते आणि ती शून्यावर आणायची असते हे कोणी सांगितलेले नसते. मुंबईच्या एक टाइपने केलेल्या ‘मुक्त’सारखा फॉन्ट घेतला तरी अंतर शून्य केल्यावाचून शिरोरेषा जुळत नाही.

उरतो तो संकेतस्थळ चालवणार कोण हा प्रश्न, आणि निवड बहुतेक वेळा त्यावरच व्हावी. बीड जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस-थ्री-वास या व्यवस्थेवर आहे. तेथे आराखडा आधीच ठरलेला असून कर्मचाऱ्याने मजकूर तेवढा भरायचा असतो. गावातील शाळेला अशी यंत्रणा लाभत नाही. तेथे सूचना टाकण्याचे काम एखाद्या शिक्षकाकडे असते आणि ते मधल्या सुटीत, मोबाइलवरून होते. एलिमेंटॉरचे संपादन मोबाइलवर होत नाही, त्याला मोठा पडदा लागतो. ब्लॉक एडिटर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये, काहीसा कुरकुरत का होईना, चालतो. त्यातच बिल्डरची सशुल्क आवृत्ती डिझायनरच्या नावावर घेतलेली असते, वर्षाने तिचे नूतनीकरण राहून जाते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा होतात.

म्हणून बिल्डर काढून टाकावा काय, या प्रश्नाचे उत्तर शाळेपुरते असे देता येईल की तो तूर्त काढू नये, पण त्याचे क्षेत्र आवळून घ्यावे. बिल्डर वापरण्याची निवड संपूर्ण संकेतस्थळासाठी एकदाच करावी लागते हा समज बरोबर नाही, कारण एलिमेंटॉर पानागणिक चालू किंवा बंद ठेवता येतो. मुखपृष्ठ आणि प्रवेशाची जाहिरात ही क्वचित बदलणारी पाने बिल्डरमध्ये राहू द्यावीत. सूचना, निकाल, कार्यक्रमांची वृत्ते असा जो मजकूर दर आठवड्याला वाढतो, तो यापुढे पोस्टच्या रूपाने ब्लॉक एडिटरमध्येच लिहावा. जुनी पाने एकदम हलवण्याची घाई नको. ज्या पानावर काही ना काही बदल करावाच लागतो ते त्या वेळी ब्लॉकमध्ये नव्याने उतरवावे, आणि दोन वर्षांनी बिल्डरवर किती पाने उरली ते मोजावे. कृषी सेवा केंद्राची गोष्ट निराळी आहे. तेथे चार-पाच पाने, हंगामागणिक बदलणारे एक मोठे चित्र आणि दूरध्वनी क्रमांक एवढाच ऐवज असून बदल करणारा माणूस पत्रलेखक स्वतःच आहे. तेव्हा ते बिल्डरवर राहिल्याने काही बिघडत नाही, मात्र मथळ्यांतील अंतर शून्य करावे.

कोणताही बदल करण्यापूर्वी डेटाबेसचा बॅकअप घेऊन त्याच होस्टिंगवर उपडोमेनवर संकेतस्थळाची प्रत उभी करावी आणि त्या प्रतीवर बिल्डर बंद करून प्रत्येक पान मोबाइलवर पाहावे. शाळेच्या मुखपृष्ठावरील फिरती छायाचित्रे त्यात जातील, तक्ते विस्कटतील. संपर्काचा अर्ज सशुल्क आवृत्तीचा असेल तर तोही जाईल आणि त्याच्या जागी काय घ्यावे हे पत्रात विचारलेलेच नाही. अर्जांचा तो विषय आणि राहिलेले वेगमापन पुढील हप्त्यात एकत्र घेता येईल, कारण या दोन संकेतस्थळांपैकी एकाचा वेग अर्जामुळेच मंदावला आहे.