दुधाच्या दातांचा पुरा हिशेब

लहान मुलांच्या दातांचा विषय निघाला की आपल्या वस्तीत एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. 'दुधाचेच दात आहेत, आज ना उद्या पडायचेच. त्यांच्यावर कशाला खर्च?' वरवर पाहता हे बोलणे व्यवहाराचे वाटते. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाने पडणाऱ्या दातावर पैसा का घालावा, असा प्रश्न कुणालाही पडेल. परंतु हा हिशेब अर्धाच मांडलेला आहे. वहीची एकच बाजू लिहून दुसरी कोरी ठेवली, तर कोणताही धंदा नफ्यात दिसेल. म्हणून हा हिशेब आज पुरा मांडावा, असे आम्हाला वाटते.

दुधाचे दात एकूण २० असतात. पटाशीचे ८, सुळे ४ आणि दाढा ८. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो; काही बाळांना वर्षही लागते. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात येतात. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात पडू लागतात, एवढेच आपल्या लक्षात राहते. पण मागच्या दुधाच्या दाढा पडतात त्या दहाव्या ते बाराव्या वर्षी! म्हणजे अडीच वर्षांच्या मुलाची दाढ त्याला आणखी आठ-नऊ वर्षे वापरायची आहे. बालवाडीपासून पाचवी-सहावीपर्यंतची प्रत्येक भाकरी त्याला याच दाढांनी चावायची आहे. आठ-नऊ वर्षे वापरायच्या वस्तूला 'पडणारीच' म्हणून टाकून देणे हा कुठला व्यवहार?

शिवाय दुधाचा दात पक्क्या दाताची जागा राखून ठेवतो. तो किडून वेळेआधी काढावा लागला, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट मिळत नाही. मग तो वाकडा येतो किंवा अडकून बसतो. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही इजा पोहोचू शकते.

आणि हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम तर वेगळीच आहे. दात दुखणारे मूल रात्रभर झोपत नाही. सकाळी शाळेत जात नाही, गेले तरी त्याचे लक्ष लागत नाही. ते कडक खात नाही, नुसते चहात बुडवून खाते आणि अंग धरत नाही. आमच्या वस्तीतील एक मुलगी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करीत नसे. पुढचे दात काळे पडले होते. तोंड उघडले की मुले हसत. बाबासाहेबांनी ज्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, ते शिक्षण आपल्या लेकरांच्या दाराशी आले आहे. अशा वेळी एका किडलेल्या दातापायी मुलीने मागच्या बाकावर गप्प बसावे, हे आपल्याला परवडणारे आहे काय?

कीड म्हणजे अळी नव्हे

दाताला 'कीड लागली' असे आपण म्हणतो, त्यामुळे दातात खरोखरीच अळी असते अशी अनेकांची समजूत आहे. रिंगणीच्या बियांचा धूर देऊन किंवा कानाशी नळी लावून अळ्या काढून दाखविणारे लोक यावरच पैसे घेतात. दातात अळी नसते. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड खाल्ले की हे जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे वरचे टणक आवरण झिजवते. प्रत्येक वेळी गोड खाल्ल्यावर साधारण अर्धा तास हे काम चालते. नंतर लाळ ती झीज हळूहळू भरून काढते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे दाताच्या दृष्टीने अधिक घातक असते. जेवणाबरोबर एकदाच गुळाचा खडा खाणारे मूल बरे. दिवसभर गोळी चघळणाऱ्या, तासातासाला बिस्किट मागणाऱ्या मुलाच्या लाळेला दुरुस्तीची सवडच मिळत नाही. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री दातांवर राहिलेले गोड सर्वांत वाईट.

बाळाच्या तोंडात दुधाची किंवा साखरपाण्याची बाटली ठेवून त्याला झोपविण्याची सवय म्हणूनच मोडली पाहिजे. अशा बाळाचे वरचे पुढचे दात आधी किडतात. खालच्या दातांवर जीभ असते, त्यामुळे ते काही काळ वाचतात. चुपणी मधात किंवा साखरेत बुडवून देणे तर सोडूनच द्यावे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. हे जंतू मोठ्यांच्या लाळेतून बाळाच्या तोंडात जातात. म्हणून बाळाचा चमचा आपल्या तोंडात घालून पाहू नये आणि घास चावून भरवू नये.

काळजी केव्हा आणि कशी घ्यावी?

सुरुवात पोटात बाळ असतानाच होते. दुधाचे दात गर्भातच तयार होऊ लागतात. गरोदर बाईने पोटभर जेवावे आणि स्वतःच्या दात-हिरड्यांकडेही लक्ष द्यावे. 'या दिवसांत दाताच्या डॉक्टरकडे जाऊ नये' हा समज खरा नाही. गरोदर असल्याचे डॉक्टरांना सांगितले की ते त्याप्रमाणे उपचार करतात.

दात येण्यापूर्वी बाळाच्या हिरड्या स्वच्छ, ओल्या, मऊ फडक्याने दिवसातून एकदा पुसाव्यात. पहिला दात दिसला की लहान, मऊ ब्रश आणावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घ्यावी. जाहिरातीत दाखवितात तशी ब्रशभर पेस्ट लागत नाही. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा ब्रश करावा. दोहोंत रात्रीचा अधिक मोलाचा. त्यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नये. मुलाला पेस्ट गिळू न देता थुंकायला शिकवावे.

सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा किंवा मुलाचा झाल्यावर एकदा आपण फिरवावा. मुलाचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचत नाही. हे काम आईनेच करावे असा नियम नाही. आई धुणीभांडी करून थकून आलेली असते. वडिलांनी, आजोबांनी, ताई-दादांनी दोन मिनिटे काढावीत.

आता खर्चाचा आकडा पाहू. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे सुमारे पाव ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हणजे अर्धा ग्रॅम. १०० ग्रॅमची नळी एका मुलाला २०० दिवस पुरते! ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलायचा. दुसरीकडे कीड मुळापर्यंत गेली की औषध, उपचार, प्रवासभाडे आणि आईबापाची बुडालेली रोजी. एका फेरीत काम होत नाही, म्हणजे रोजी दोन-तीनदा बुडते. आता सांगा, महाग काय पडले?

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तेथे मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. अशा गावातील पालकांनी कोणती पेस्ट वापरावी हे डॉक्टरांना विचारावे आणि ग्रामपंचायतीकडे सुरक्षित पाण्याची मागणी लावून धरावी.

सहाव्या वर्षीची दाढ

पालकांनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे नवी दाढ येते; वर दोन, खाली दोन, अशा चार. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कळतही नाही आणि तिला दुधाचीच दाढ समजले जाते. ही दाढ पक्की आहे, ती जन्मभर पुरवायची आहे. 'पडणारच आहे' म्हणून जी दाढ आपण किडू देतो, ती पुष्कळदा हीच असते. गेली की पुन्हा येत नाही. मूल पहिलीत गेले की त्याला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा आणि मागे पाहा.

हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण समजावी. याच वेळी ब्रश, पेस्ट आणि खाण्यावर लक्ष दिले, तर दात सावरू शकतो. काळा खड्डा पडला की डॉक्टरांशिवाय इलाज नाही. गाल सुजून ताप आला तर एक दिवसही थांबू नये. दुखणाऱ्या दातावर तंबाखू दाबणे किंवा हिरडीला गोळी चोळणे यांनी जखमच वाढते.

अंधश्रद्धा आणि मशेरी

वरचा दात आधी आला तर मामाला वाईट, जन्मतः दात असले तर घरावर संकट, असे अजूनही बोलले जाते. दात खालचा आधी की वरचा, याचा मामाशी काय संबंध? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा नुसत्या भिंतीवर लावण्यासाठी नाहीत. जन्मतः दात असलेले बाळ डॉक्टरांना दाखवावे, कारण दात सैल असल्यास घशात जाण्याची भीती असते. संकट असलेच तर एवढेच.

दुसरा समज याहून घातक आहे. 'दात येताना जुलाब आणि ताप यायचेच' म्हणून घरात स्वस्थ बसतात. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिर करते. परंतु जुलाब आणि जोराचा ताप दातांमुळे येत नाहीत. जुलाब झालेल्या बाळाला ताबडतोब जलसंजीवनी द्यावी आणि दवाखान्यात न्यावे. दातांच्या नावाखाली गेलेला एक दिवस बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

मशेरीबद्दल आमच्या माता-भगिनींना थोडे स्पष्ट बोलावे लागेल. तव्यावर भाजलेली मशेरी म्हणजे तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत. सवय जडते आणि तोंडाचा कर्करोग होतो. आई सकाळी दारात मशेरी लावत बसते आणि शेजारी बसलेली चार वर्षांची पोर त्याच डबीत बोट घालते. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर आणि टूथपेस्टवर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा ठरला. तरीही मशेरी घरोघरी भाजली जाते. कायदा घरातल्या चुलीपर्यंत पोहोचत नाही, तिथे पंचशीलच पोहोचले पाहिजे. पाचवे शील दररोज म्हणणाऱ्या घरात ही डबी कशाला?

दातांची निगा ही काही आजची गोष्ट नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तिची नोंद आहे. काही भिक्खू दातवण वापरीत नसत आणि त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येई. तेव्हा तथागतांनी दातवणाचे पाच लाभ सांगून त्याची अनुज्ञा दिली. मुखाची दुर्गंधी जाते आणि अन्नाला रुची येते, हे त्यांपैकी दोन. पुढे दातवण आठ अंगुळांहून लांब नसावे आणि चार अंगुळांहून आखूडही नसावे, असा नियम झाला. कारण आखूड काडी एका भिक्खूच्या घशात अडकली होती. इतक्या बारीक गोष्टीकडेही तथागतांनी लक्ष दिले.

कुठे जावे?

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. दंतक्षय तिच्या यादीत आहे. पथक येऊन गेले तर आपल्या मुलाच्या दातांबद्दल काय लिहिले, हे बाईंना विचारावे. आले नसेल तर केव्हा येणार, हे विचारावे. तो आपला हक्क आहे. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे. तेथे खासगी दवाखान्यापेक्षा खर्च पुष्कळच कमी येतो. मूल एक वर्षाचे होईतो त्याचे दात एकदा डॉक्टरांना दाखवावेत. मुलाची पहिली भेट दुखण्याशिवाय झाली की ते पुढे डॉक्टरांना भीत नाही.

वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, लेकरे आईच्या मांडीवर बसून ऐकतात. त्यातला एक रविवार मुलांच्या दातांसाठी ठेवता येणार नाही काय? जवळच्या दंत महाविद्यालयाला महिला मंडळाने पत्र लिहावे. समाजात आता दंतवैद्य झालेली मुलेमुलीही आहेत, त्यांना हक्काने बोलवावे. आणि तोपर्यंत थांबायचेही कारण नाही. आज रात्री जेवणे झाली की मुलाला दिव्याखाली बसवा, तोंड उघडायला सांगा आणि मागची दाढ पाहा.